संगणकाच्या नाडीचे ठोके वाढवताना

संगणकाच्या पेटीत एक घड्याळ असते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दाखवते ते हे नव्हे. मदरबोर्डवर क्वार्ट्‌झ स्फटिकाचा, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातभाईचा, एक लहानसा तुकडा बसवलेला असतो. मनगटी घड्याळातही हाच असतो. विद्युत मंडलात जोडला की तो अत्यंत नियमितपणे कंप पावतो. त्याच्या कंपनांवरून सेकंदाला १० कोटी ठोके तयार केले जातात आणि प्रोसेसर स्वतःसाठी त्यांची ठरावीक पट करून घेतो. ही पट ३६ असेल तर ठोके झाले सेकंदाला ३६० कोटी. यालाच दुकानदार '३.६ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर' म्हणतो.

हे ठोके कशासाठी? शाळेतील कवायत आठवा. शिट्टी वाजली की सर्वांचे हात वर, पुन्हा वाजली की खाली. प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टरही असेच प्रत्येक ठोक्याला आपली स्थिती बदलतात. हात वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. आता कवायतीच्या गुरुजींनी शिट्टीचा वेग वाढवत नेला तर काय होईल? काही वेळ सर्व ठीक चालेल. मग एखाद्या मुलाचा हात अर्ध्यावरच असताना पुढची शिट्टी वाजेल. त्या क्षणी तो हात वर मानायचा की खाली? संगणकाला 'अर्धा' ही स्थिती मान्यच नाही. तो त्याला १ किंवा ० समजून पुढे जातो आणि चुकीचा समज झाला तर कोणाला सांगतही नाही.

३.६ गिगाहर्ट्‌झला दोन ठोक्यांमधील अवकाश असतो सेकंदाचा सुमारे ०.२८ अब्जांश भाग. पट ३६ ऐवजी ४२ केली तर तो ०.२४ वर येतो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा केवळ ७ सेंटिमीटर जातो, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतील पट्टीच्या निम्म्याहूनही थोडे कमी! प्रोसेसर बनवणाऱ्याने जो वेग छापलेला असतो त्याहून अधिक वेगाने तो चालवणे, याला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात.

पण मुळात असा वाव शिल्लक राहतोच कसा? आपण रत्नागिरीकर आहोत, तेव्हा हापूसचेच उदाहरण घेऊ. एकाच कलमावरचे आंबे काढले तरी ते सारखे नसतात. बागायतदार वजनाप्रमाणे ते निवडतो आणि वेगवेगळ्या पेट्यांत भरतो. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर तयार झालेले प्रोसेसरही असेच कमीअधिक गुणांचे निघतात. कारखान्यात ते तपासून वेगवेगळ्या वेगांच्या नावांखाली विकतात. कधीकधी मोठ्या फळांची आवक जास्त आणि लहान पेटीला मागणी जास्त अशी गंमत होते. १९९८ साली इंटेलचा 'सेलेरॉन ३०० ए' हा स्वस्त प्रोसेसर याच कारणाने गाजला. त्याची पट ४.५ अशी पक्की केलेली होती, पण मदरबोर्डवरील मूळ ठोके ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्‌झ केले की अनेकांकडे तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झने बिनतक्रार धावत असे. अनेकांकडे, सर्वांकडे नव्हे! तुमच्या मित्राचा प्रोसेसर ज्या वेगाने चालतो त्याच वेगाने तुमचाही चालेल, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

आता वेग वाढवल्यावर काही ट्रान्झिस्टर मागे पडू लागले तर त्यांना हुशार करण्याचा एक उपाय आहे: विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, थोडे वाढवायचे. दाब जास्त असला की ते लवकर स्थिती बदलतात. मात्र याची किंमत मोजावी लागते. प्रोसेसरमधील उष्णता ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ३.६ गिगाहर्ट्‌झला १.२० व्होल्टवर तो ६५ वॉट घेतो. वेग ४.२ आणि व्होल्टेज १.३५ केले, तर ६५ ला आधी ४.२ भागिले ३.६ ने गुणा, मग १.३५ भागिले १.२० याच्या वर्गाने. उत्तर येते ९६. वेग वाढला शेकडा १७ आणि उष्णता वाढली शेकडा ४८. तीही तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या, फार तर त्याहून थोड्या मोठ्या सिलिकॉनच्या तुकड्यात.

आमच्या महाविद्यालयातील अकरावीच्या एका विद्यार्थ्याने हेच आकडे बायोसमध्ये भरले होते. जानेवारीत त्याचा असेंबल केलेला संगणक उत्तम चालला. एप्रिल संपता संपता तो दुपारी हँग होऊ लागला, कधी निळा पडदा येई, कधी काहीच नाही. तो माझ्याकडे आला तो व्होल्टेज आणखी किती वाढवू, हे विचारायला. दुखण्याचे निदान करण्याआधीच औषधाची मात्रा वाढवण्याचा हा प्रकार. आम्ही तो कसा सोडवला ते क्रमाने सांगतो, कारण क्रमालाच येथे महत्त्व आहे.

सर्वांत आधी सर्व आकडे मूळचे केले. बायोसमध्ये तशी सोय असते. संगणक सुरूच होत नसेल तर वीजजोडणी काढून मदरबोर्डवरील नाण्यासारखी बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवावी. मूळ वेगालाही संगणक बंद पडत असता तर ओव्हरक्लॉकिंगला दोष देण्यात अर्थ नव्हता. मग आम्ही रॅम, डिस्क, एसएमपीएस यांच्याकडे वळलो असतो. एखादा संगणक वीज गेल्यासारखा क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर एसएमपीएसवर विशेष संशय घ्यावा, आणि पावसाळ्यात आपल्याकडे दिवे मिणमिणतात तेव्हाच असे होते का, हेही पाहावे. येथे मात्र मूळ वेगाला रात्रभर काही बिघडले नाही. दोष वाढवलेल्या आकड्यांतच होता.

पण कोणत्या? या मुलाने एकाच दिवशी प्रोसेसरची पट, व्होल्टेज आणि रॅमचा वेग अशा तिन्ही गोष्टी बदलल्या होत्या. प्रयोगशाळेत एका वेळी एकच राशी बदलायची, हे आपण सहावीपासून शिकतो. घरी गेल्यावर ते विसरतो. प्रोसेसर मूळ वेगालाच ठेवून फक्त रॅम जलद केली आणि 'मेमटेस्ट' ही चाचणी रात्रभर लावली. ती रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहून पुन्हा वाचते. एकही चूक निघाली नाही. रॅम सुटली. उरला प्रोसेसर.

त्याची पट पुन्हा ४२ केली आणि आता त्याला कामाला जुंपायचे ठरवले. येथे एक फार मनोरंजक प्रश्न उभा राहतो. संगणक चुकीचे गणित करतो की नाही, हे कसे ओळखायचे? ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे गणित त्याला घालायचे, हे उघडच आहे. मग आपल्या देवळालीचे गणिती शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेला ६१७४ हा स्थिरांक का वापरू नये? कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. उदाहरणार्थ ४१५० घेतली तर ५४१० वजा ०१४५ म्हणजे ५२६५, पुढे ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४.

गणित सुंदर, पण आपल्या कामाला ते निरुपयोगी! का बरे? मधल्या पायरीत संगणकाने चूक करून ३९९६ ऐवजी ३९९७ लिहिले, तरी पुढे तीच क्रिया चालू राहून अखेर ६१७४ च येणार. हे गणित चूक पोटात घालते. आपल्याला हवे आहे चूक अजिबात न लपवणारे गणित.

तसे गणित मर्सेन संख्यांच्या शोधात मिळाले. २ चा कोणताही घात घेऊन १ वजा केला की मर्सेन संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे का, हे पाहण्याची ल्यूका-लेमर यांची कसोटी अशी: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, त्या मर्सेन संख्येने भागून बाकी घ्या, आणि हे घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या वेळा करा. शेवटी बाकी ० आली तर संख्या मूळ. ३१ घेऊ, ती २ च्या पाचव्या घातातून १ वजा करून येते, म्हणून पायऱ्या तीन. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी ०. ३१ मूळ आहे. आता द्विमान पद्धतीत १४ म्हणजे १११० आणि १५ म्हणजे ११११. शेवटचा एकच ट्रान्झिस्टर मागे राहिला आणि १४ चे १५ झाले असे समजा. १५ चा वर्ग वजा २ म्हणजे २२३, बाकी ६. ६ चा वर्ग वजा २ म्हणजे ३४, बाकी ३. संगणक छातीठोकपणे सांगेल की ३१ ही मूळ संख्या नाही!

जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली जगभरच्या संगणकांना जोडून मर्सेन मूळ संख्यांचा शोध सुरू केला. त्याच उपक्रमातून २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या जाहीर झाली. एवढ्या गणितात एक ठोका चुकला तरी आठवड्यांचे श्रम वाया. म्हणून त्यांच्या 'प्राइम ९५' या प्रोग्रॅममध्ये संगणकाला तपासणारी चाचणीही आहे. ती उत्तर माहीत असलेली अशीच गणिते अखंड करवते आणि एका अंकाचाही फरक पडला की थांबून तसे सांगते.

ही चाचणी आम्ही पहाटे ६ वाजता लावली. तासभर निर्दोष चालली. दुपारी ३ वाजता लावली, तेव्हा खोलीचे तापमान ३३ अंश होते. दहा मिनिटांत संगणक हँग. तापमान ९५ च्या घरात. पेटी उघडली तर हीट सिंकच्या पाकळ्यांत धूळ आणि खारी दमट हवा यांचा लगदा बसलेला, आणि खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. समुद्राकाठी हे लवकर होते. पाकळ्या साफ केल्या, नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावली. चांगली हीट सिंक दर वॉटला अर्धा अंश तापते असे धरले तर ९६ वॉटला ४८ अंश. ३३ मध्ये मिळवा, ८१. पडद्यावर तेवढेच दिसू लागले. गरम ट्रान्झिस्टर मंदावतात, हेही लक्षात घ्या. थंडीत जो वाव होता तो उन्हाळ्याने खाल्ला होता.

तरीही ४० मिनिटांनी चाचणीने एक उत्तर चुकल्याचे सांगितले. संगणक हँग नाही, निळा पडदा नाही, बाकी सर्व सुरळीत. मला विचाराल तर हा दोष हँग होण्यापेक्षा वाईट. अशा संगणकावर तुम्ही प्रकल्पाची फाइल किंवा घरचे जुने फोटो साठवले तर त्यांतला एखादा आकडा बदलून डिस्कवर जाईल आणि महिन्यांनी फाइल उघडेल तेव्हाच कळेल.

कारण शोधायला ओहमचा नियम पुरला. ९६ वॉट भागिले १.३५ व्होल्ट म्हणजे ७१ अँपिअर! घरातील गिझरच्या स्विचला १६ अँपिअर पुरतात. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत ओहमचा एक सहस्रांश एवढाच रोध असला तरी ०.०७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. म्हणजे बायोसमध्ये लिहिलेले १.३५ आणि काम करताना पोहोचणारे १.२८. चाचणी चालू असताना व्होल्टेज पाहिले, ते तेवढेच होते.

आता दोन वाटा होत्या: व्होल्टेज वाढवणे किंवा पट कमी करणे. जास्त व्होल्टेजने ट्रान्झिस्टर कायमचे झिजतात. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना, ओव्हरक्लॉक न करताही, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याने ते अस्थिर होत होते. कंपनीला दुरुस्तीचा नवा संकेत द्यावा लागला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. झिजलेले मात्र त्या संकेताने बरे झाले नाहीत. म्हणून आम्ही पट ४० केली आणि व्होल्टेज १.२५. गणिताने उष्णता आली ७८ वॉट, तापमान ७२ अंश. मे महिन्यातल्या दुपारी ३ वाजता लावलेली चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी ७ पर्यंत चालली. चूक शून्य. मूळ वेगाला ज्या कामाला ६० मिनिटे लागत, त्याला आता ५४ लागतात, ४.२ ला सुमारे ५१ लागली असती.

ल्यूका-लेमर कसोटी तुम्हीही वहीत करून पाहा. १२७ घ्या; ती २ च्या सातव्या घातातून येते, म्हणून पायऱ्या पाच. बाक्या येतील १४, ६७, ४२, १११ आणि ०. मग मधल्या कोणत्याही एका पायरीत मुद्दाम १ मिळवा आणि शेवटी किती उरते ते पाहा.