राज्यघटनेकडून मतदाराकडे

राज्यशास्त्राचा पेपर म्हटला की राष्ट्रपतींचे अधिकार, राज्यसभेची रचना, मूलभूत हक्क हेच आठवते. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे आपल्या विद्यापीठांतला हा विषय याच चौकटीत राहिला. घटना वाचायची, ब्रिटनशी ताडून पाहायची आणि प्लेटोपासून मार्क्सपर्यंतचे विचारवंत शिकवायचे. कोट्यवधी निरक्षर माणसे पहिल्यांदाच मत देत होती. ती कुणाला मत देतात आणि का, हे फारसे कुणी विचारत नव्हते.

खरे तर या विद्येची सुरुवातच माहिती गोळा करण्यापासून झाली. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यव्यवस्थांचे वृत्तांत जमवले होते, असे सांगितले जाते. त्यांपैकी अथेन्सचा वृत्तांत इजिप्तमधल्या पपायरसवर सापडला आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे विषय विद्यापीठात स्थिरावला, १९०३ मध्ये अमेरिकेत अभ्यासकांची संघटना झाली, पण भर कायद्यावर आणि संस्थांवरच होता. मतदाराचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो नंतर. १९४० मध्ये पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतील ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. प्रचारामुळे मत बदलणारे थोडेच निघाले. घरच्यांचा आणि ओळखीच्यांचा प्रभाव मोठा होता.

ही पद्धत आपल्याकडे लवकर आणणाऱ्यांत पुणे विद्यापीठाचे प्राध्यापक सिरसीकर होते. १९६२ च्या निवडणुकीवरचे त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले. त्याच सुमारास रजनी कोठारी यांनी दिल्लीत विकासशील समाज अध्ययन पीठ (सीएसडीएस) उभे केले, साल १९६३. एकच पक्ष निवडून येतो म्हणजे लोकशाही नाही, हा सोपा निष्कर्ष त्यांनी नाकारला. काँग्रेसच्या पोटातच गटांची स्पर्धा चालते आणि बाहेरचे विरोधी पक्ष त्या गटांवर दबाव आणतात, हे त्यांनी १९६४ च्या लेखात मांडले. जातीविषयीचे त्यांचे म्हणणे मला अधिक मोलाचे वाटते. जातीने राजकारण नासवले असे आपण सहज म्हणतो. कोठारी म्हणाले, राजकारणात उतरल्यावर जातही बदलते, तिला आघाड्या कराव्या लागतात, पुढारी घडवावे लागतात. महाराष्ट्रातली कुठलीही निवडणूक बारकाईने पाहिली तरी याचा प्रत्यय येतो.

सीएसडीएसने १९६७ मध्ये देशभर मतदारांचे सर्वेक्षण केले. पुढे हे काम काही काळ खंडित झाले आणि १९९६ पासून सीएसडीएसच्याच ‘लोकनीती’ या संशोधन उपक्रमातल्या अभ्यासकांनी ते पुन्हा नेटाने चालवले. योगेंद्र यादव, सुहास पळशीकर ही त्यांतली ठळक नावे. या सर्वेक्षणांतून जे दिसले, त्याने पाश्चात्त्य पुस्तकांतला समज मोडला. तिकडे गरीब माणूस मतदानाला कमी जातो. इथे मात्र दलित, गरीब, खेड्यातला मतदार मध्यमवर्गीयांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याहून अधिक संख्येने रांगेत उभा असतो. अडाणी मतदार ही आपली लाडकी कल्पना होती. तिला उत्तर आकड्यांनी दिले.

म्हणून एक्झिट पोल चुकला की साऱ्या सर्वेक्षणांना खोटे ठरवू नये. जागा किती येतील, यापेक्षा माणसे तसे मत का देतात, हा या शास्त्राचा प्रश्न आहे. आपल्या महाविद्यालयांत गावोगावचे विद्यार्थी येतात. प्राध्यापकांनी त्यांना एकदा तरी प्रश्नावली देऊन स्वतःच्या ग्रामपंचायतीची निवडणूक अभ्यासायला पाठवावे.