संकेतस्थळावर कोण येऊन गेले?

देवळात जाताना आपण चपला बाहेरच्या स्टँडवर ठेवतो. स्टँडवरचा माणूस आपले नाव-गाव विचारत नाही. तो पत्र्याचा एक बिल्ला हाती देतो. समजा, त्यावर ४७ हा आकडा आहे. आपण कोण हे त्या माणसाला ठाऊक नसते. पण ४७ क्रमांकवाला किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे तो सांगू शकेल.

आता अशी कल्पना करा, की गावातल्या सगळ्या देवळांबाहेरचे, नाट्यगृहाबाहेरचे आणि दवाखान्यांबाहेरचे स्टँड एकाच ठेकेदाराने चालवायला घेतले. बिल्लाही तो परत घेत नाही. एकच बिल्ला सगळीकडे चालतो. मग ४७ क्रमांकवाला सोमवारी देवळात होता, मंगळवारी दवाखान्यात आणि शनिवारी नाटकाला, असे ठेकेदाराच्या वहीत आपोआप जमा होत जाईल. संकेतस्थळांवर येणाऱ्यांची मोजदाद करणारी आणि जाहिरातींसाठी त्यांचा माग काढणारी जी साधने आज वापरली जातात, त्यांचे सार या दोन चित्रांत आले. ती प्रत्यक्षात कशी चालतात, ते पाहू या.

विसराळू सर्व्हर

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. तिची रीत साधी होती. आपला ब्राउझर एखादे पान मागतो, सर्व्हर ते पाठवतो आणि तेथे व्यवहार संपतो. पुढची मागणी आली, की सर्व्हरच्या दृष्टीने ती अगदी नवी! सर्व्हर आपल्या नोंदवहीत प्रत्येक मागणीची एक ओळ लिहितो, हे खरे. त्या ओळीत आयपी क्रमांक, वेळ, पानाचे नाव आणि ब्राउझरचा प्रकार असतो. पण एका कार्यालयातल्या पन्नास संगणकांचा बाहेरून दिसणारा आयपी क्रमांक एकच असू शकतो आणि एकाच फोनचा क्रमांक दिवसभरात बदलूही शकतो. त्यामुळे एवढ्यावरून माणूस ओळखता येत नाही.

वेबवर दुकाने थाटायची ठरली तेव्हा ही अडचण जाणवू लागली. गिऱ्हाइकाने एका पानावर पिशवीत टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर जाताच सर्व्हर विसरायचा! १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने पानाबरोबर एक छोटा मजकूर, बहुधा एखादा क्रमांक, पाठवायचा. ब्राउझरने तो जपून ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर त्याच सर्व्हरला परत दाखवायचा. या मजकुराला ‘कुकी’ म्हणतात. हाच आपला ४७ क्रमांकाचा बिल्ला.

एका ठिपक्याची करामत

कुकी ज्या सर्व्हरने दिली त्यालाच ती दाखवायची, असा नियम आहे. मग ठेकेदाराला सगळ्या गावाची बातमी कशी लागते?

संकेतस्थळाचे एक पान म्हणजे एकच वस्तू नव्हे. त्यातली चित्रे, अक्षरांचे वळण आणि छोटे प्रोग्रॅम वेगवेगळ्या सर्व्हरांवरून येऊ शकतात. मोजणीचे साधन बसवायचे म्हणजे संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या प्रत्येक पानात चार-पाच ओळी चिकटवायच्या. त्या ओळी ब्राउझरला सांगतात, ‘अमुक कंपनीच्या सर्व्हरवरून हा प्रोग्रॅम आण आणि चालव.’ तो प्रोग्रॅम पानाचा पत्ता, आपण कोठून आलो, पडद्याचा आकार आणि भाषा टिपून त्या कंपनीकडे पाठवतो. काही वेळा प्रोग्रॅमऐवजी एक बिंदू लांब आणि एक बिंदू रुंद असे पारदर्शक चित्र असते. ते कोणी पाहावे म्हणून ठेवलेले नसतेच. ते आणण्यासाठी ब्राउझरकडून जी मागणी जाते, तीच कंपनीला हवी असलेली बातमी!

आता क्रम पाहा. तुम्ही एका दुकानाच्या पानावर सायकल पाहिली. त्या पानात जाहिरात कंपनीचा ठिपका होता, म्हणून तिच्या सर्व्हरने तुमच्या ब्राउझरला एक कुकी दिली. संध्याकाळी तुम्ही बातम्यांचे संकेतस्थळ उघडले. त्यातल्या जाहिरातीची जागा त्याच कंपनीची आहे. ब्राउझरने नियमाप्रमाणे तिला तिची कुकी दाखवली. सकाळी सायकल पाहणारा तो हाच, हे कंपनीने ओळखले आणि बातमीशेजारी सायकल झळकली. नियम कोठेही मोडला नाही आणि तरीही माग लागला.

मोजणी किती खरी?

या साधनांचा उपयोग नाही असे मात्र नाही. समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची माहिती संकेतस्थळावर आहे. फलकावरच्या दुव्याच्या शेवटी ‘फलक’ आणि पालकांना पाठवलेल्या दुव्याच्या शेवटी ‘निरोप’ अशी खूण जोडली. फलकावरून ४०० भेटी झाल्या आणि त्यांतून १२ नावनोंदण्या आल्या, म्हणजे ३ टक्के. निरोपावरून ५० भेटी झाल्या आणि ५ नोंदण्या आल्या, म्हणजे १० टक्के. तेव्हा निरोप जास्त परिणामकारक, असे म्हणावे का?

थोडे थांबा. निरोप फक्त पालकांनाच गेला होता आणि त्यांना प्रदर्शनात आधीपासूनच रस असणार. शिवाय ५ ही संख्या इतकी लहान आहे, की दोन नोंदण्या कमी झाल्या असत्या तर १० टक्क्यांचे ६ टक्के झाले असते. आणखी एक गोष्ट. साधन मोजते ते बिल्ले, माणसे नव्हेत. तुम्ही शाळेच्या संगणकावरून आणि आईच्या फोनवरून तेच पान पाहिले, तर साधन दोन माणसे मोजते. उलट शाळेच्या एकाच संगणकावर तीस मुलांनी पान पाहिले, तर ते एक मोजते. कोणत्याही मोजमापात उपकरणाचा दोष ध्यानात घ्यावा लागतो, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू पडतो.

निर्णय कोणाचा?

पानात त्या चार ओळी मालक चिकटवतो. माग मात्र वाचकाचा निघतो. एखाद्या आजाराची माहिती गुपचूप वाचणाऱ्या मुलीला त्या ओळी दिसत नाहीत. म्हणूनच यात कायद्याला लक्ष घालावे लागले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. सरकार त्याला काही अपवाद करू शकते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले.

ब्राउझर बनवणाऱ्यांनीही पावले उचलली. सफारीने २०२० साली परक्या सर्व्हरच्या कुकी सरसकट अडवल्या. क्रोममधून त्या हद्दपार करण्याचा बेत गूगलने २०२० साली जाहीर केला होता, पण २०२४ साली तो सोडून दिला.

शाळेला फक्त भेटींची संख्या हवी असेल, तर परक्याला घरात घेण्याची गरज नाही. सर्व्हरची स्वतःची नोंदवही त्यासाठी बऱ्याचदा पुरते. मॅटोमोसारखे मुक्त साधन आपल्याच सर्व्हरवर बसवता येते. मग वही आपल्यापाशीच राहते.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर ब्राउझर उघडा आणि एफ १२ ही कळ दाबा. उघडलेल्या चौकटीत ‘नेटवर्क’ हा भाग निवडा. आता एखादे वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडा. ब्राउझरने केलेल्या मागण्यांची यादी भराभर उतरू लागेल. त्यांतल्या किती मागण्या त्या वृत्तपत्राच्याच सर्व्हरकडे गेल्या आणि किती परक्या सर्व्हरांकडे, ते वहीत लिहा. सगळ्याच परक्या मागण्या मागासाठी नसतात. काही चित्रांसाठी आणि अक्षरांसाठीही असतात, हे विसरू नका. मग तीच मोजणी तुमच्या शाळेच्या संकेतस्थळावर करा. तेथे परके नाव आढळले, तर ते कशासाठी ठेवले आहे, हे आपल्या शिक्षकांना जरूर विचारा.