इंदापूरचा पाणकिनारा

इंदापूर तालुक्यात समुद्र नाही, तरी होडीशिवाय पान हलत नाही असं एक गाव आहे: भिगवणजवळचं कुंभारगाव. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं आणि हा किनारा तयार झाला.

थंडीत पहाटेच पोहोचा. नावाडी लांबूनच इंजिन बंद करतो, मग बांबूनं होडी रेटतो. समोर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो! पायांनी चिखल ढवळायचा, चोच उलटी बुडवायची, पाणी गाळून खायचं. उडाले की पंखांतला गुलाबी-काळा रंग अंगावर येतो. ‘अजून जवळ घ्या’ म्हणून नावाड्याच्या मागे लागू नका, प्लीज.

पट्टकदंब हंसही दिसतील, थेट हिमालय ओलांडून आलेले! परतताना भिगवणला मासे खा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, तर पळसदेवचं बुडालेलं पळसनाथ मंदिरही बघा.