तीन बाइटांत न मावणारा राग

‘पैसे कट झाले, तिकीट आलंच नाही’ एवढं लिहून पुढे लालबुंद चेहऱ्यांची रांग ठोकलेला अभिप्राय कुठल्याही तिकिटाच्या ॲपखाली सापडेल. माणसाला त्याचा अर्थ लावायला क्षणही लागत नाही. पण मोठ्या ॲपकडे अभिप्रायांचा एवढा ढीग पडतो की तो आधी यंत्रालाच चाळावा लागतो, आणि यंत्र अडतं ते शब्दांपाशी. मराठी माणूस फोनवर कधी देवनागरीत लिहितो, कधी रोमनमध्ये. रोमनमध्ये ‘खूप छान’चं स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. मधे हिंदी-इंग्रजीची पेरणी असतेच. लालबुंद चेहरा मात्र कोल्हापुरातून आलेला असो की क्योटोतून, युनिकोड या जागतिक चिन्हसूचीत त्याचा क्रमांक एकच.

हा क्रमांक तसा उशिरा मिळाला. शिगेताका कुरिता यांनी जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीसाठी १९९९ मध्ये १७६ चित्रं काढली, तीही १२ बाय १२ ठिपक्यांच्या चौकटीत. युनिकोडने इमोजींचा मोठा ताफा पदरात घेतला तो २०१० मध्ये. तेव्हा एक मजेशीर पंचाईत झाली. चिन्हं साठवायच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट जागा घेतं, हसरा चेहरा ४ बाइट. मायएसक्यूएल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसची ‘यूटीएफ-८’ नावाची मांडणी एका चिन्हाला ३ बाइटांपलीकडे जागाच देत नसे. त्यामुळे मराठी मजकूर बिनबोभाट साठवला जाई आणि पहिला इमोजी आला की कधी नोंदच नाकारली जाई, तर कधी तिथून पुढचं वाक्य कापलं जाई. ग्राहक चिडलेला, पण त्याचा राग कंपनीच्या दप्तरी पोचलेलाच नाही! ४ बाइटांची सोय असलेली मांडणी पुढे आली, तरी जुन्या सॉफ्टवेअरमधून हा दोष निघायला बराच काळ गेला.

इमोजीला भावनेचा भाव ठरवून देण्याचं मोठं काम स्लोव्हेनियात झालं. ल्युब्ल्याना इथल्या योजेफ स्टेफान संस्थेत पेत्रा क्राल्य नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी १३ युरोपीय भाषांतली १६ लाखांहून अधिक ट्वीट घेतली. ८३ माणसांनी ती वाचून प्रत्येकाला अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ असा शिक्का मारला. त्यांतल्या जेमतेम ४ टक्के ट्वीटमध्ये इमोजी होते. गंमत अशी, की या माणसांना चित्रांना गुण द्यायला कुणी सांगितलंच नव्हतं. चित्र कसल्या वाक्यांच्या संगतीत वावरतं, यावरून उणे १ ते अधिक १ या पट्टीवर त्याचा गुण काढला गेला. २०१५ साली ७५१ इमोजींची यादी प्रसिद्ध झाली. लाल बदामाला ०.७४६ मिळाले, ते अपेक्षितच. पण हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याला फक्त ०.२२१! कारण तो चेहरा जवळपास एक-चतुर्थांश वेळा प्रतिकूल मजकुरात आला होता. खिल्ली उडवणारंही हसतंच की. ‘वा, काय अपडेट दिलंय’ यापुढे हा चेहरा असेल तर त्याला शाबासकी समजणारं यंत्र भोळंच म्हणायचं.

एमआयटीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उलटी वाट धरली. डीपमोजी या प्रणालीला सुमारे १२५ कोटी ट्वीट दाखवून, त्यांतला इमोजी झाकून, ६४ पैकी इथे कोणता असेल ते ओळखायला लावलं. त्या सरावातून यंत्राला उपरोधाचाही वास येऊ लागला. माझ्या मते ही युक्ती गुणांच्या कोष्टकापेक्षा कितीतरी सरस आहे. इथे चित्र शब्दांची जागा घेत नाही, शब्द नीट वाचायला शिकवतं.

शिवाय चित्रही सगळीकडे सारखं दिसत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात हसऱ्या डोळ्यांनी दात दाखवणारा एक चेहरा पुढे आला. इतर कंपन्यांच्या फोनवर तो खुशीत हसताना दिसे, ॲपलच्या फोनवर मात्र दात आवळल्यासारखा. ॲपलने त्याच वर्षी तो नव्याने रेखाटला.

आणि आपले जोडलेले हात? स्लोव्हेनियाच्या यादीत ते अनुकूल बाजूला आहेत. इकडे ‘ओटीपी येत नाही, काहीतरी करा’ याच्या शेवटीही तेच हात येतात, आणि ‘धन्यवाद’पुढेही तेच. यातली काकुळती कोणती आणि कृतज्ञता कोणती, हे शेजारचं वाक्य वाचल्याशिवाय कळायचं नाही. वाक्याखेरीज आणखी एक धागा हाती असतो: गूगल प्ले अभिप्रायासोबत फोनचं मॉडेल आणि ॲपची आवृत्ती ॲप बनवणाऱ्याला दाखवतं. संतापलेले चेहरे एका विशिष्ट आवृत्तीपासूनच वाढले असतील, तर शोध त्या आवृत्तीत काय बदललं इथून सुरू करता येतो. चेहरा कितीही लाल असला तरी बिघाड पैशांच्या पानावर आहे की लॉगिनमध्ये, हे तो सांगत नाही.