फायरवॉलवरील वाहतूक-आलेख व त्यांतील त्रुटी

एखाद्या संस्थेचे अंतर्गत संगणक-जालक आणि बाहेरील इंटरनेट यांच्या सीमेवर बसविलेल्या व ये-जा करणाऱ्या माहितीची ठराविक नियमांनुसार तपासणी करणाऱ्या यंत्रणेला फायरवॉल म्हणतात [⟶ संगणक]. या यंत्रणेतून किती माहिती जाते-येते हे कालानुसार दर्शविणारा आलेख म्हणजे वाहतूक-आलेख होय. त्याच्या आडव्या अक्षावर काळ व उभ्या अक्षावर माहितीवहनाची त्वरा दाखवितात. त्वरेचे एकक बहुधा मेगॅबिट प्रती सेकंद (१० लक्ष बिट प्रती सेकंद) हे असते. जोडणीची क्षमता वाढविणे, सेवापुरवठादाराचे देयक तपासणे व बाहेरून होणारा हल्ला ओळखणे यांसंबंधीचे निर्णय या आलेखांच्या आधारे घेतले जातात. त्यामुळे आलेख सदोष असल्यास अनावश्यक खर्च होतो किंवा खरे संकट नजरेतून निसटते.

मापनाचे तत्त्व : आलेखातील त्वरा प्रत्यक्ष मोजलेली नसते, ती गणिताने काढलेली असते. फायरवॉलच्या प्रत्येक पोर्टासाठी एक गणित्र असते व पोर्टातून गेलेल्या बाइटांची (१ बाइट = ८ बिट) संख्या त्यात सतत वाढत जाते. निरीक्षण करणारा संगणक ठराविक कालांतराने गणित्र वाचतो व लागोपाठच्या दोन वाचनांतील फरकाला मधल्या काळाने भागतो. हे वाचन सामान्यतः एसएनएमपी या संकेतप्रणालीने केले जाते. तिची पहिली आवृत्ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये एमआरटीजी व १९९९ मध्ये आरआरडीटूल या आज्ञावली उपलब्ध करून दिल्यावर असे आलेख सर्वत्र रूढ झाले. गणित्र, वाचनाची वेळ, गणित व नोंदींचा साठा या चार दुव्यांपैकी कोणत्याही एका दुव्यात दोष असला, तरी चित्र नीटनेटके पण खोटे निघू शकते.

गणित्राची मर्यादा : जुनी गणित्रे ३२ बिटांची असून ती ४,२९,४९,६७,२९५ या संख्येनंतर पुन्हा शून्यावर येतात. पूर्ण भार असताना १० मेगॅबिटांच्या जोडणीवर असा फेरा सु. ५७ मिनिटांत, १०० मेगॅबिटांच्या जोडणीवर सु. ५·७ मिनिटांत व १,००० मेगॅबिटांच्या जोडणीवर सु. ३४ सेकंदांत पुरा होतो. दोन वाचनांच्या दरम्यान एकच फेरा झाला व दुसरे वाचन पहिल्यापेक्षा लहान आले, तर तो हिशेबात धरता येतो. मात्र एक पूर्ण फेरा होऊन गणित्र पहिल्या वाचनाच्याही पुढे गेले असेल, तर त्या फेऱ्याचा मागमूस राहत नाही. म्हणून दर ५ मिनिटांनी वाचल्यास ३२ बिटांच्या गणित्राने सु. ११४·५ मेगॅबिट प्रती सेकंद यापलीकडची त्वरा कळू शकत नाही. उदा., प्रत्यक्ष त्वरा ११० असताना आलेख ११० दाखवितो, परंतु ती १२० झाली की आलेख ५·५ वर उतरतो आणि २०० असताना ८५·५ दाखवितो. अशा प्रकारे भार वाढू लागला असताना तो घटल्याचा भास होतो. १९९० च्या दशकात प्रमाणित झालेली ६४ बिटांची गणित्रे वाचणे हा यावरील उपाय होय.

याउलट, फायरवॉल बंद करून पुन्हा सुरू केल्यास गणित्र खरोखरच शून्यावर येते. ही घटना फेरा समजली गेल्यास आलेखात जोडणीच्या क्षमतेपेक्षाही उंच सुळका उमटतो. यंत्र किती वेळ चालू आहे याची नोंद प्रत्येक वाचनाबरोबर घेतल्यास ही चूक टळते.

काल व सरासरी : गणितात ३०० सेकंद धरले आणि वाचन प्रत्यक्षात ३३० सेकंदांनी झाले, तर त्वरा १० टक्क्यांनी जास्त दिसते. काही यंत्रणा गणित्राचे आकडे थांबून थांबून अद्ययावत करतात. आकडे दर ३० सेकंदांनी बदलत असताना वाचन दर २० सेकंदांनी केले, तर १०० मेगॅबिटांची स्थिर वाहतूक ०, १५०, १५० अशी दातेरी दिसते. शिवाय प्रत्येक बिंदू ही सरासरी असते. ५ मिनिटांपैकी ३० सेकंद १,००० मेगॅबिटांची जोडणी पूर्ण भरलेली व उरलेला वेळ रिकामी असेल, तर आलेखात १०० हाच आकडा येतो. जुन्या नोंदी साठविताना पुन्हा सरासरी काढली जात असल्याने वार्षिक आलेखात शिखरे आणखी सपाट होतात. याकरिता सरासरीबरोबर कमाल मूल्यही साठवितात.

फायरवॉलची अंतर्गत रचना : एकाच भौतिक पोर्टावर अनेक आभासी स्थानिक जालके असल्यास पोर्टाची व आभासी जालकांची बेरीज केल्यावर तीच वाहतूक दोनदा मोजली जाते. सांकेतिक बोगद्यातून (व्हीपीएन) जाणारी माहितीही बोगद्यावर एकदा व बाह्य पोर्टावर एकदा मोजली जाते. काही फायरवॉलांमध्ये मान्यता मिळालेल्या संवादाची पुढील पॅकेटे थेट विशेष मंडलाकडून पुढे पाठविली जातात. मुख्य प्रक्रियकाचे गणित्र ती पाहतच नाही आणि आलेख फार कमी भरतो. संवादनोंदींवरून काढलेल्या आलेखात मोठ्या फाइलीचे सर्व बाइट संवाद संपण्याच्या क्षणी मोजले गेल्यास कृत्रिम सुळका दिसतो.

इथरनेटवर प्रत्येक पॅकेटामागे आरंभसंकेत व रिकामे अंतर मिळून २० बाइटांचा वेळ खर्ची पडतो, पण तो गणित्रात येत नाही. त्यामुळे ६४ बाइटांच्या लहान पॅकेटांनी १,००० मेगॅबिटांची जोडणी पूर्ण भरली, म्हणजे सेकंदाला सु. १४·८८ लक्ष पॅकेटे गेली, तरी आलेख सु. ७६२ मेगॅबिटच दाखवितो. लहान पॅकेटांचा मारा असलेल्या हल्ल्यात बिटांच्या आलेखाबरोबर पॅकेटसंख्येचा आलेखही पाहणे यासाठी अगत्याचे ठरते.

निदान : प्रथम चुकीचे स्वरूप पाहावे. बरोबर आठपट फरक हा बिट व बाइट यांच्या गफलतीचा, दुप्पट आकडा दुहेरी मोजणीचा, तर विशिष्ट उंचीवरून होणारी घसरण गणित्राच्या फेऱ्याचा निदर्शक असतो. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर पोर्टांचे क्रमांक बदलून एका पोर्टाच्या नावाखाली दुसऱ्याची वाहतूक येत नाही ना, हेही तपासावे. त्यानंतर ज्ञात आकाराची फाइल शांत वेळी पाठवून गणित्र आधी व नंतर हाताने वाचावे. १०० कोटी बाइटांच्या फाइलीसाठी पॅकेटांच्या शीर्षांमुळे सामान्यतः ४ ते ५ टक्के जास्त वाढ अपेक्षित असते. वाढ योग्य असूनही आलेख चुकत असल्यास दोष वाचनात, गणितात किंवा साठवणीत असतो. गणित्रच चुकत असल्यास फायरवॉलच्या पलीकडील स्विचाच्या समोरासमोरच्या पोर्टाशी ताडून पाहावे.

या पडताळणीला व्यावहारिक महत्त्व आहे. काही सेवापुरवठादार महिन्यातील ५ मिनिटांच्या नोंदींपैकी सर्वांत मोठ्या ५ टक्के वगळून उरलेल्यांतील कमाल त्वरेवर आकारणी करतात. ३० दिवसांच्या महिन्यात अशा नोंदी ८,६४० असतात व त्यांतील ४३२, म्हणजे ३६ तासांच्या, वगळल्या जातात. एखादा कृत्रिम सुळका या पद्धतीत आपोआप गळून पडतो. दुहेरी मोजणीसारखी सतत होणारी चूक मात्र देयकात जशीच्या तशी उतरते.