झालेल्या चित्रावर आणखी एक हात

आपल्या घरात, नात्यात किंवा शेजारी रंगकाम करणारा एखादा माणूस असतोच. भिंत खरवडायची, लांबी भरायची, प्रायमर मारायचा, मग रंगाचा पहिला हात आणि तो वाळला की दुसरा हात. शेवटचा हात झाला, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, डब्याचे झाकण लावले की काम संपले. मालकाने हिशेब चुकता केला की रंगारी त्या भिंतीकडे पुन्हा वळून पाहात नाही.

चित्रकाराचेही बहुधा असेच असते. चित्र झाले, सही झाली, चौकटीत बसले, भिंतीवर लागले. आता त्यावर कोण हात फिरवणार? पण इंग्लंडमध्ये असा एक निसर्गचित्रकार होऊन गेला, की ज्याला झालेले चित्र झाले असे कधी वाटलेच नाही. प्रदर्शनाच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रावर तो रंग चढवी. नऊ वर्षांपूर्वी लोकांनी पाहिलेले चित्र तो पुन्हा रंगवायला घेई. एवढेच काय, दुसऱ्याच्या मालकीचे झालेले आपले चाळीस वर्षांपूर्वीचे चित्रही त्याने म्हातारपणी पुन्हा रंगवले. त्याचे नाव जोसेफ मॅलॉर्ड विल्यम टर्नर.

न्हाव्याच्या दुकानातली चित्रे

टर्नरचा जन्म १७७५ सालचा. लंडनच्या कोव्हेंट गार्डन या बाजारवस्तीतल्या मेडन लेन नावाच्या अरुंद गल्लीत त्याच्या वडिलांचे दुकान होते. वडील न्हावी. लोकांची दाढी करायची, केस कापायचे, त्या काळी श्रीमंत लोक वापरीत ते केसांचे टोप तयार करायचे, हा त्यांचा धंदा. आईचे मन आजारी असे. १८०४ साली ती वारली. घरात ना कलेची परंपरा, ना पैसा.

पण पोराच्या हातातली कला या बापाने ओळखली. मुलाने काढलेली चित्रे त्याने दुकानात टांगली आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना काही शिलिंगांना विकली. चौदाव्या वर्षी, १७८९ साली, मुलगा रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेत दाखल झाला. १७९६ साली त्याचे पहिले तैलचित्र अकॅडमीच्या प्रदर्शनात लागले. चांदण्या रात्री खवळलेल्या समुद्रात होडी सांभाळणाऱ्या कोळ्यांचे ते चित्र. आणि १८०२ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, न्हाव्याचा हा मुलगा अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला.

पुढे वडिलांनी वस्तरा ठेवून दिला आणि मुलाच्या चित्रशाळेत काम पत्करले. कॅनव्हास चौकटीवर ताणायचा, त्याला अस्तर द्यायचे आणि चित्र पुरे झाले की त्यावर व्हार्निश लावायचे. टर्नर थट्टेने म्हणत असे की माझी चित्रे सुरूही बाबाच करतात आणि संपवतातही बाबाच. १८२९ साली वडील गेले, तोपर्यंत बापलेकांची ही साथ सुटली नाही.

तेलाचा रंग घाई करू देत नाही

टर्नर झालेल्या चित्राकडे पुन्हा का वळे, हे कळायला तैलरंग म्हणजे काय ते थोडे समजून घेतले पाहिजे. रंगाची भुकटी जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग होतो. पाण्याचा रंग पाणी उडून गेले की वाळतो. तेलाचे तसे नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. वरून हाताला कोरडे लागले तरी आत ते अनेक महिने ओले असू शकते. म्हणून जुने कारागीर एक नियम पाळत. खालचा थर कमी तेलाचा, वरचा थर जास्त तेलाचा. खालचा पुरता वाळल्याशिवाय वरचा चढवायचा नाही. हा नियम मोडला की वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात.

पण याच तैलरंगाचा एक मोठा गुणही आहे. वाळलेल्या थरावर पातळ, पारदर्शक रंग फिरवला की खालचा रंग त्यातून दिसत राहतो आणि चित्राचा सगळा उजेडच पालटतो. रंगवलेली सकाळ एका थराने संध्याकाळ होऊ शकते. म्हणजे तैलचित्र हे दार लावून घेतलेले घर नसते. कडी काढून कोणी आत आला तर बदल करता येतो. टर्नर आयुष्यभर ही कडी काढत राहिला.

तरुणपणी तो जुन्या उस्तादांप्रमाणे गडद अस्तरावरून उजेडाकडे जाई. १८१९ साली तो इटलीला गेला आणि तिथले ऊन पाहून त्याच्या चित्रातला उजेड वाढत गेला. पुढे तो पांढऱ्या अस्तरावर निळ्या, पिवळ्या, तांबूस रंगांचे नुसते मोठे पट्टे टाकून ठेवी. आकाश कुठे, पाणी कुठे, एवढेच त्यात समजे. त्यातून कोणते चित्र निघणार ते पुढे ठरे.

प्रदर्शनातले शेवटचे दिवस

रॉयल अकॅडमीत प्रदर्शन उघडण्यापूर्वी सभासदांना काही दिवस मिळत. चित्र भिंतीवर लागल्यावर त्यावर व्हार्निश लावावे, काही किरकोळ दुरुस्ती असेल तर करावी, यासाठी ते दिवस. १८०९ साली ही सवलत नियमात आली. इतर मंडळी हात पुसून निघून जात. टर्नर मात्र खरे काम तिथेच करी.

१८३२ सालची गोष्ट. टर्नरचे एक करड्या रंगातले शांत समुद्रचित्र भिंतीवर लागले होते. शेजारी जॉन कॉन्स्टेबल या दुसऱ्या मोठ्या निसर्गचित्रकाराचे चित्र होते. कॉन्स्टेबल गिरणीवाल्याचा मुलगा. वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचे हे चित्र त्याने दहा वर्षांहून अधिक काळ मनात आणि हातात घोळवले होते आणि आता नावांच्या पताकांवर तांबडा रंग चढवत होता. टर्नर त्याच्यामागे येऊन उभा राहिला. एकदा त्याच्या चित्राकडे, एकदा आपल्या चित्राकडे त्याने पाहिले. मग दुसऱ्या खोलीतून रंगाची पाटी आणून आपल्या करड्या समुद्रावर शेंदराचा एक ठिपका ठेवला, नाण्यापेक्षा जरासा मोठा, आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. त्या एका ठिपक्याने कॉन्स्टेबलची सगळी तांबडी आरास फिकी पडली. दीड दिवसाने, वेळ संपता संपता, टर्नर परत आला आणि त्या ठिपक्याला आकार देऊन त्याने पाण्यावर तरंगणारा बोया करून टाकला.

दुसरा प्रसंग १८३५ सालचा, ब्रिटिश इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या प्रदर्शनातला. आदल्या वर्षी, १६ ऑक्टोबर १८३४ रोजी, लंडनचे पार्लमेंट जळाले होते. ती आग टर्नरने स्वतः पाहिली होती. त्याने पाठवलेल्या कॅनव्हासवर नुसते रंगाचे फराटे होते. पहाटेच येऊन तो भिंतीशी उभा राहिला आणि जवळजवळ दिवसभर रंगवत राहिला. भोवती इतर चित्रकार जमून बघत होते. काम झाले तेव्हा त्याने हत्यारे पेटीत भरली, तोंड भिंतीकडेच ठेवून कडेकडेने सरकत तो निघून गेला. आपण काय केले हे मागे सरून पाहिलेसुद्धा नाही. ते चित्र आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे.

जुनी चित्रे, नवा हात

इथपर्यंत गोष्ट ताज्या चित्रांची झाली. पुढे टर्नर त्याहून धाडसी वाटेला लागला. १८२८ साली रोममध्ये त्याने रेग्युलस नावाच्या रोमन सेनापतीवर एक चित्र काढून तिथे दाखवले होते. कार्थेजच्या लोकांनी या कैद्याच्या पापण्या कापल्या आणि सूर्याच्या उजेडाने त्याला आंधळे केले, अशी ती कथा. हे चित्र नऊ वर्षांनी, १८३७ साली, लंडनच्या प्रदर्शनात लागले तेव्हा टर्नरने ते भिंतीवरच पुन्हा रंगवले. पाहणाऱ्याने लिहून ठेवले आहे की पाटीवर पांढऱ्या सफेद्याचा एक मोठा गोळा होता आणि डुकराच्या केसांचे दोनतीन राठ ब्रश. तो सफेदा तो चित्राच्या खाचाखोचांत जोराने घासत होता. हळूहळू मधला सूर्य असा पेटला की बघणाऱ्याचेच डोळे दिपावेत. बघणारा जणू रेग्युलसच्या जागी येऊन उभा राहतो. विषय तोच, बंदर तेच, पण त्या कथेचा अर्थ नऊ वर्षांनंतरच्या त्या थरांनी पुरा झाला.

१८४७ साली त्याने चाळीसेक वर्षांपूर्वीचा एक कॅनव्हास काढला. त्यात कारखान्यातली यंत्रे, मोठी चाके होती. त्यावर त्याने भट्टीच्या आगीचा प्रचंड लोळ रंगवला आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या पुतळ्याच्या ओतकामाचे चित्र केले. जुनी चाके मात्र अंधारात तशीच ठेवली. भट्टीवर काम केलेल्या माणसाला तो उजेड लगेच ओळखू येईल. १८४९ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याने १८०७ च्या सुमाराचे एक समुद्रचित्र त्याच्या मालकाकडून परत आणवले. सहा दिवस तो त्यावर रंगवत होता आणि मालकाचा जीव टांगणीला लागला होता. बुडालेल्या जहाजाची जागा दाखवणारा बोया, खवळलेले पाणी आणि वर इंद्रधनुष्य, असे ते चित्र आज लिव्हरपूलमध्ये आहे.

चुकीची किंमतही मोजली

वाचक बंधुभगिनींनो, या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक वेळी चित्र सुधारलेच असे नाही. त्या ओतकामाच्या चित्रात जुनी चाके आणि नवी आग ही दोन वेगळी चित्रे वाटतात. शिवाय घाईत ओल्या थरावर थर चढवणे, तेलात राळ मिसळणे, उडून जाणारे रंग वापरणे, या सगळ्यांमुळे त्याच्या अनेक चित्रांना भेगा पडल्या आणि कित्येक आभाळांची लाली फिकी झाली. विन्सर नावाच्या रंगविक्रेत्याने त्याला तसे सुचवले, तेव्हा रंग बनवणे तुझे काम, वापरणे माझे, असे त्याने त्याला गप्प केले. विन्सरचे म्हणणे खरे होते.

चुकीची आणखी एक गोष्ट आहे आणि ती रंगाची नाही. १८०५ साली टर्नरने जमैकातल्या एका गुरांच्या मळ्यात शंभर पौंड गुंतवले होते. तो मळा गुलामांच्या कष्टावर चाले. आणि १८४० साली याच टर्नरने गुलामांच्या जहाजाचे चित्र प्रदर्शनात ठेवले. वादळ येते आहे आणि आजारी, मरणाऱ्या गुलामांना साखळदंडांसह समुद्रात फेकून दिले आहे. १७८१ साली झोंग नावाच्या जहाजावर असे खरोखर घडले होते. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून शंभराहून अधिक माणसे समुद्रात टाकली होती. रक्तासारख्या लाल आभाळाखाली पाण्यातून वर आलेले ते हात आणि बेड्या घातलेला तो पाय विसरता येत नाही. टर्नरने पश्चात्तापाचे शब्द लिहून ठेवले नाहीत. पण ज्या व्यवस्थेत तरुणपणी त्याने पैसा घातला, तिचा खरा चेहरा पासष्टाव्या वर्षी त्याने जगापुढे मांडला. माणसाच्या आयुष्यावरही दुसरा हात फिरवता येतो. पहिला हात मात्र पुसला जात नाही, हेही खरे.

१९ डिसेंबर १८५१ रोजी टर्नर वारला. आपली चित्रे त्याने राष्ट्राला देऊन टाकली. सुमारे तीनशे तैलचित्रे आणि कागदावरची हजारो रेखाटने आणि जलरंगचित्रे १८५६ साली देशाच्या ताब्यात आली. त्यांतली कितीतरी अर्धवट होती. रंगाचे पट्टे टाकून भिंतीला लावून ठेवलेली, दुसऱ्या हाताची वाट पाहणारी. आज लंडनच्या टेट संग्रहालयात लोक त्या अर्धवट चित्रांपुढेही उभे राहतात. २०२० सालापासून इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर न्हाव्याच्या या मुलाचा चेहरा आहे.

आपल्या मुलांनी काढलेली चित्रे, लिहिलेले निबंध आपण परीक्षा झाली की रद्दीत घालतो. तसे करू नका. एक जुनी ट्रंक किंवा पिशवी ठेवा आणि त्यात ती जपून ठेवा. दोनतीन वर्षांनी मुलाच्या हातात त्याचेच जुने चित्र द्या आणि विचारा, आता तू यात काय बदलशील? तो काय म्हणतो ते ऐका. त्याची नजर किती वाढली आहे ते मार्कांच्या कागदापेक्षा तुम्हाला तिथे लवकर कळेल. आणि मेडन लेनच्या त्या न्हाव्यासारखी एक खिळ्याची जागा घरात मोकळी ठेवा, मुलाचे चित्र टांगायला.