शिफ्टची इंग्रजी : भाग ९ – 'मला' म्हटलं की 'मी' नव्हे!

मागच्या भागात कर्ता बदलला की क्रियापद कसं बदलतं ते पाहिलं : 'ही वर्क्स', पण 'दे वर्क'. आज उलट बाजूने जाऊ. वाक्यातलं काम बदललं की सर्वनाम कसं बदलतं, ते पाहू.

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या अनेक कंपन्यांत शिफ्ट संपताना लॉगबुकात दोन-चार ओळी इंग्रजीत लिहाव्या लागतात. मशीनचं नाव, पार्ट नंबर, बिघाडाची वेळ सहसा बिनचूक असते. पेन अडतं ते 'आय', 'मी', 'हिम', 'देम' यांपाशी. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेला मुलगा इथे अडखळतो, त्याचं कारण अभ्यासातली हयगय नसते. मराठीची आणि इंग्रजीची विभक्ती वेगळ्या तत्त्वावर चालते, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

तीन रांगा

'स, ला, ते' हे प्रत्यय आपण शाळेत घोकले. मराठीत ते नामालाही लागतात : मशीनने, मशीनला, मशीनचा. इंग्रजी नामाचं रूप मात्र बदलत नाही. 'द मशीन स्टॉप्ड' यात मशीन कर्ता आहे, 'ही स्टॉप्ड द मशीन' यात कर्म आहे, शब्द तोच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते. पुढे ते झिजले. मालकी दाखवणारा 'एस' तेवढा नामापाशी उरला, बाकीचा जुना ऐवज राहिला तो सर्वनामांत. तिथे तीन रांगा लक्षात ठेवायच्या :

कर्ता : आय, वी, ही, शी, दे, हू.
कर्म : मी, अस, हिम, हर, देम, हूम.
मालकी : माय, अवर, हिज, हर, देअर, हूज.

'यू' आणि 'इट' पहिल्या दोन्ही रांगांत सारखेच. 'टू', 'फॉर', 'विथ', 'फ्रॉम', 'बिटवीन' अशा शब्दांनंतरही दुसऱ्या रांगेतलं रूप येतं : 'ही गेव्ह द रिपोर्ट टू मी'.

यात मराठी कान एका ठिकाणी हमखास फसतो. आपला 'मी' कर्ता असतो आणि इंग्रजीतला 'मी' कधीच कर्ता नसतो. उच्चार एक, कामं विरुद्ध. घाईत लिहिताना हात ओळखीच्या आवाजाकडे वळतो आणि 'मी चेक्ड द कन्व्हेयर' असं वाक्य कागदावर उतरतं.

'मला'चं काय करायचं?

खरी मेख इथे आहे. ही वाक्यं पाहा : मला ताप आलाय. मला दोन दिवस रजा हवी. मला ड्रॉइंग समजलं नाही. तिन्हीत 'ला' आहे आणि इंग्रजीत तिन्हीकडे 'आय' येतो : 'आय हॅव अ फीवर', 'आय नीड टू डेज लीव्ह', 'आय डिड नॉट अंडरस्टँड द ड्रॉइंग'. पण 'सुपरवायझरने मला बोलावलं' याचं होतं 'द सुपरवायझर कॉल्ड मी'.

मग ओळखायचं कसं? मराठीत ताप, गरज, समज, आवड या गोष्टी माणसाकडे येतात. म्हणून माणसाला 'ला' लागतो आणि क्रियापद तापाच्या मागे जातं : ताप आला, थंडी वाजली. इंग्रजीत बहुतेक वेळा अनुभव घेणारा माणूसच कर्त्याच्या जागेवर बसतो. तेव्हा प्रत्यय पाहून सर्वनाम निवडू नका. इंग्रजी क्रियापद आधी ठरवा, त्याच्या आधीची कर्त्याची जागा कुणाची ते पाहा आणि मग रूप घाला. 'त्याने मशीन बंद केलं' यातल्या 'ने'वरून 'बाय हिम' लिहिणंही याच कारणाने चुकतं. तिथे सरळ 'ही' हवा.

इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती. शेक्सपिअरच्या काळी 'मीथिंक्स' हा शब्द चालत असे, आणि तो आपल्या 'मला वाटतं'च्याच घडणीचा होता. इंग्रजीची चुलत बहीण जर्मन आजही ती रीत पाळते. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. तिथल्या एखाद्या जर्मन इंजिनीअरला मायदेशी थंडी वाजली, तर तो म्हणेल 'मिअर इस्ट काल्ट'. शब्दशः 'मला थंड आहे'. कर्त्यासाठी 'इश', कर्मासाठी 'मिश' आणि 'मला' या अर्थी 'मिअर', अशी तीन रूपं तो वापरतो. इंग्रजीने पुढची दोन एकत्र करून एकच 'मी' ठेवला.

जोडीदार आला की

सर्वनाम एकटं असताना चूक कमी होते. 'आणि' आला की गडबड. 'द सुपरवायझर अँड मी चेक्ड द लाइन' हे बरोबर का? जोडीदाराला क्षणभर बाजूला ठेवा. 'मी चेक्ड' उरतं, म्हणजे तिथे 'आय' हवा. आता 'द मॅनेजर कॉल्ड द ऑपरेटर अँड आय'. ऑपरेटर काढला की 'कॉल्ड आय' उरतं, म्हणून इथे 'मी'. 'बिटवीन यू अँड आय' ही तर भल्याभल्यांची चूक. 'आय' जास्त सभ्य वाटतो म्हणून तो नको तिथे बसवला जातो.

मुलाखतीतलं 'मायसेल्फ अमुक अमुक' बहुधा चुकण्याच्या भीतीतून येतं. 'आय' की 'मी' हा प्रश्नच टाळायचा! पण 'मायसेल्फ'ला वाक्यात आधी 'आय' लागतो : 'आय रिपेअर्ड इट मायसेल्फ'. नाव सांगताना 'आय ॲम' पुरे.

मालकी कुणाची?

'द ऑपरेटर टोल्ड द फिटर दॅट हिज गेज वॉज राँग.' गेज कुणाचा, ऑपरेटरचा की फिटरचा? इंग्रजीचं हे वाक्य दोन्हीकडे लागतं. रिजेक्शनच्या रिपोर्टमध्ये अशी संदिग्धता महागात पडते. तिथे सर्वनामाचा हट्ट सोडून 'द फिटर्स गेज' असं नाम पुन्हा लिहावं. आणखी एक : 'माय', 'हिज', 'देअर' यांत अपॉस्ट्रॉफी नसतो, तसाच मालकीच्या 'इट्स'मध्येही नसतो. तो आला की अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज' असा होतो.

अनुभवाच्या दाखल्यावरचा 'हूम'

कंपनी सोडताना मिळणाऱ्या दाखल्यावर पुष्कळदा 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' असा मथळा असतो. 'टू' आहे म्हणून 'हूम' आला, असं वाटतं. पण त्या छोट्या वाक्यात 'इट' हा कर्ता आहे आणि ज्याच्याशी त्याचा संबंध येतो तो माणूस 'कन्सर्न'चं कर्म आहे. रूप तिथून ठरलं. पडताळा पाहायचा तर 'गिव्ह द की टू हूएव्हर कम्स फर्स्ट' हे वाक्य घ्या. इथेही 'टू' आहे, पण 'कम्स'चा कर्ता तोच माणूस आहे, म्हणून 'हूएव्हर'. बोलताना 'हूम' आता फारसा कुणी वापरत नाही. कागदोपत्री मात्र तो टिकून आहे.

या आठवड्याचा सराव

इंग्रजीत लिहा. आधी क्रियापद ठरवा, मग सर्वनाम.
१. मला ही सेटिंग माहीत नव्हती.
२. त्यांनी मला आणि फिटरला थांबायला सांगितलं.
३. तिने तिचा रिपोर्ट आम्हाला दिला.
४. ब्रेकडाऊन कुणी कळवला आणि कुणाला कळवला?

उत्तरं पुढच्या भागात. त्यात 'द' कुठे लावायचा आणि कुठे गाळायचा, तेही पाहू.